दोन खिशांचा शर्ट

उल्हासनगर, कॅम्प ४
बुधवार, १४ मे २०२५

आदरणीय महेंद्रमामा,

तुम्हाला आणि मामींना जय भीम. आई-पप्पा बरे आहेत. तुम्ही आमचे फोन उचलत नाही, आणि तुमचे मेसेज तुमच्या आधी तुमची लेक रिद्धी वाचते. म्हणून हे पत्र तुमच्या नव्या शर्टाच्या खिशात घालून पाठवते आहे. एकट्याने वाचा.

आधी शनिवारी जे झालं ते, जसं झालं तसं.

१. बदलापूरच्या विहारात श्रामणेर शिबिराला नाव दिलेल्या मुलांना भिक्खूंचं चीवर नेसायला शिकवत होते. शिबिराचे कार्यकर्ते म्हणून तुम्ही रांगेसमोर उभे होता.

२. मुलांना शर्ट-बनियन काढायला सांगितलं. माझा भाऊ कल्पेश तसाच उभा राहिला.

३. तुम्ही दोनदा सांगितलंत. मग म्हणालात, "पोरगी आहेस का रे, शर्ट काढायला लाजायला?" मुलं हसली.

४. कल्पेश अनवाणी विहाराबाहेर गेला.

५. तुम्ही आईला म्हणालात, "ताई, तुझ्या पोराला धम्माची लाज वाटते. मुंडण नको, मित्रांत मिरवायला केस हवेत त्याला." त्यानंतर तुम्ही आमच्याशी बोललेला नाहीत.

पाचव्या मुद्द्यात तुमची चूक आहे. शिबिराला नाव त्याने स्वतःहून दिलं होतं. टक्कल केल्यावर आपण कसे दिसू, हे तो मला मोबाइलवर फोटो बनवून दाखवत होता आणि स्वतःच हसत होता. पंधरा वर्षांचा मुलगा ज्याची लाज वाटते त्याचे असे फोटो बनवत नाही.

मग शर्ट का नाही काढला?

माझं काम तुम्हाला माहीत आहे. जीन्सच्या कारखान्यात पॅटर्न कापते, म्हणजे अंगावरचं माप कागदावर आणते. माप जुळलं नाही की कारण सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. दहावीची परीक्षा संपली तेव्हा मी कल्पेशला शर्ट शिवायला घेतला, तर तो छातीचं माप देईना. "ताई, अंदाज से बना ना. ढगळ बना. आणि दोन पॉकेट दे, कार्गो टाइप." दिले. पुढे पप्पांच्या गुडघ्याची क्रेपची पट्टी दिसेनाशी झाली. परवाच्या रविवारी ती मला कल्पेशच्या उशीच्या अभ्र्यात सापडली, धुतलेली आणि अजून ओली.

पुढचं वाक्य मी टाळत होते, म्हणून एवढं लांबलं. वर्षभरापासून त्याची छाती वाढते आहे, मुलींची वाढते तशी. ती पट्टी तो छातीवर आवळून बांधत होता. मे महिन्यात, वर बनियन, त्यावर शर्ट. काखेखाली घामोळ्यांचा लालभडक पट्टा उठला आहे.

मी विचारलं तेव्हा त्याने ती ओली पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाला, "ताई, मी मुलगी होतोय का?"

मी नाही म्हणाले. पण मला नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं ठामपणे सांगायची मला सवय नाही. सोमवारी बुद्धपौर्णिमेलाही तो विहारात आला नाही. काल आई आणि मी त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयात येताना पुष्कळ मुलांना असं होतं. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. पट्टी सोडायची, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. तरीही राहिलंच तर त्यावर उपाय आहेत. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला झालं होतं का? आई पटकन "नाही" म्हणाली.

परत येताना कल्पेश पुढे रिक्षावाल्याशेजारी बसला होता. आई बाहेर बघत हळूच म्हणाली, "आमच्या महेंद्रानं तरी कधी सदरा काढला?" मी विचारलं, म्हणजे? तिने विषय निकालावर नेला. हो, निकालही कालच लागला. अठ्ठ्याहत्तर टक्के. पहिला फोन तुमचा येईल म्हणून त्याने मोबाइल हातातून सोडला नव्हता.

मामा, तुमचे शर्ट मी डिप्लोमा झाल्यापासून शिवते. छातीत मापापेक्षा सैल, दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे. त्या खिशांत तुम्ही काहीच ठेवत नाही, पेनसुद्धा नाही. मला ती कंपनीतल्या सुपरवायझरची ऐट वाटायची. आजीकडे एक फोटो आहे, बारवी धरणाच्या पाण्यात डुंबणाऱ्या मुलांचा. तुम्ही काठावर गळ्यापर्यंत बटणं लावून सगळ्यांचे कपडे सांभाळत बसला आहात. कल्पेशने तो फोटो पाहिलेला नाही. तुमच्या खिशांकडेही त्याचं कधी लक्ष गेलं नसावं. तरी त्याने दोनच मागितले.

माझा अंदाज चुकला असेल तर तसं सांगा, मी हा विषय पुन्हा काढणार नाही. बरोबर असेल तर मला खरंच जाणून घ्यायचं आहे. कधी सुरू झालं? कोणाला सांगितलंत? किती राहिलं? गेलं असेल, तर खिसे अजून का आहेत? आणि शनिवारचं ते वाक्य तुम्हाला पहिल्यांदा कोण म्हणालं होतं?

चीवराचा प्रश्न सुटला आहे. कोणासाठी ते न सांगता मी भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, आत एका खांद्याची शिवलेली बंडी चालते, फक्त रंग तोच हवा. ती मी शिवली. छाती पूर्ण झाकली जाते. कल्पेशने ती घालून पाहिली, घडी केली आणि म्हणाला, "बंडी बरोबर आहे, ताई. पण समोर मामा उभा असणार ना."

त्याचं तुम्हाला कळवायला त्याने मला परवानगी दिली आहे. अट एकच, मामींना नको. तुमच्याबद्दलचा अंदाज मी त्याला सांगितलेला नाही. आज सकाळी त्याने विचारलं, मामाला असलं कधी झालं असेल का? मी म्हणाले, मला माहीत नाही. ते खरं आहे.

शिबिर येत्या रविवारी सकाळी सुरू होणार आहे. शुक्रवार, १६ मेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर द्या. मला नाही दिलंत तरी चालेल. त्याला द्या.

तुमची भाची आणि तुमच्या शर्टांची शिंपीण,
मैत्रेयी