पंधरा दिवसांची गोळी

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत, म्हणून शेजारणीला वर पिटाळू नकोस. मी ठणठणीत आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

माझ्यासाठी तळमजल्यावरची, तुझ्या दवाखान्यामागची खोली रंगवलीस, न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेस, हे जावईबापूंनी कळवलं. दोनदा पडलेल्या आईसाठी कुठलीही लेक हेच करील. पण महिनाअखेरीला मी सामान बांधून येणार नाही. का, ते सांगते.

चार महिन्यांपूर्वी मी दुसऱ्यांदा पडले ती स्वयंपाकघरात, भरदिवसा. तू धावत आलीस आणि मला तुझ्या ओळखीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलंस. तासभर थांबलो, चार मिनिटांत बाहेर. ते तुझ्याकडे बघून विचारत होते, "आजींना झोप लागते का? आजी जेवतात का?" आजी समोरच बसल्या होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. शेवटी "या वयात चालायचंच" म्हणून त्यांनी आणखी एक गोळी वाढवली. तीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं. हे असलं उत्तर एखाद्या पोरानं दिलं असतं, तर त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तू परत गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे एक तरुण डॉक्टर आली आहे, खणखणीत आवाजाची. तिनं पहिल्याच दिवशी मला घरी परत पाठवलं: सगळी औषधं पिशवीत घालून आणा, जुनी, अर्धवट, कुणाकडून मागून घेतलेलीसुद्धा. मी नेली. टेबलावर पिशवी उलटी केली तर अकरा प्रकार निघाले. "आजी, दुकान काढायचंय की काय?" म्हणाली. मी म्हटलं, "आजी मी माझ्या नातवाची. तू मला बाई म्हण." "बरं, बाई," म्हणाली, आणि खुर्ची माझ्या जवळ ओढून विचारलं, "बाई, तुम्हाला काय करता यायला हवंय?"

अगं, सत्तरी ओलांडल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. कुठे दुखतंय, ते सगळे विचारतात. मी सांगितलं, चौतीस पायऱ्या उतरून वाचनालयात जायचं आणि पुस्तकं घेऊन परत वर यायचं. तिनं ते माझ्या कागदावर सगळ्यांत वर लिहिलं, रक्तदाबाच्याही वर. मग आडवं करून रक्तदाब मोजला, उभं करून पुन्हा मोजला. हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मला दोनदाही जमेना. वर्गासमोर उदाहरण चुकावं तशी लाज वाटली. "गृहपाठ देते," म्हणाली, "रोज खुर्चीतून उठायचं, बसायचं."

मग एकेक पाकीट उचलून विचारत गेली: ही कशासाठी, कधीपासून, कुणी सांगितली? झोपेच्या गोळीपाशी थांबली. पडण्यामागे हिचा हात असणार, म्हणाली. पण एकदम सोडायची नाही. आधी अर्धी, मग पाव, असं करत तिच्या देखरेखीखाली ती तीन महिन्यांत सुटली. पहिले काही आठवडे मी दिसेल त्याच्यावर डाफरत होते. दूधवाला अजून पिशवी दाराला अडकवून पळतो.

आज सकाळी मी वीस वेळा खुर्चीतून उठले. काल चौतीस पायऱ्या चढले, हातात दोन जाड पुस्तकं, मध्ये एकच थांबा. तुझ्या मागच्या खोलीला एकही पायरी नाही. तिथे मी वर्षभरात खुर्चीला खिळेन.

आता मुद्दा. गोळी कुणी सांगितली, असं तिनं विचारलं तेव्हा पाकिटाला रबरबँडनं लावलेली जुनी चिठ्ठी मी उलगडली. अक्षर तुझं. तुझे बाबा गेले त्या आठवड्यातलं. "रात्री एक. पंधरा दिवस." त्याला आठ वर्षं झाली. तू पुन्हा विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही, ओळखीचा औषधवाला देत राहिला. तारीख न लिहिता बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली म्हणून मी पोरांना फैलावर घेत असे, आणि माझ्याच उशाशी हे! त्या डॉक्टरला मी म्हटलं, आमच्या घरातलीच डॉक्टर आहे, हुशार आहे, फक्त परत विचारायचं तिच्याकडून राहून गेलं. आता डोळे पुस. तुझ्या दवाखान्यातल्या बाकावर रोज म्हातारी माणसं बसतात. त्यांतल्या किती जणांच्या उशाशी तुझी अशी चिठ्ठी असेल? प्रत्येकाला पिशवी घेऊन बोलाव. प्रश्न त्यांच्याकडे बघून विचार, सोबत आलेल्या लेकाकडे नाही. सोमवारी मी येते आहे, आठ दिवसांसाठी. मागच्या खोलीतली खाट हलव आणि तिथे मोठं टेबल टाकून ठेव. पाकिटांवरच्या तारखा मी वाचेन, विचारायचं ते तू विचार. मला घ्यायला येऊ नकोस, त्या वेळात दोन पिशव्या तपासून होतील.

तुझीच, आणि अजून आपल्या पायांवर उभी,
आई