काडतुसांची चकाकी

मामाजी, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलायला मी आज पहिल्यांदा बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर पदर सावरत "हो" आणि "आणते" एवढंच बोलले, एक वेळ सोडली तर. सासऱ्यासमोर सुनेनं याहून जास्त बोलायचं नसतं, असं तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आता पदराची सक्ती नाही, भीती नाही, आणि माया तर तेव्हाही नव्हती. परवा माळा झाडताना पत्र्याच्या डब्यात तुमची चार रिकामी काडतुसं निघाली. माझी सून म्हणाली, "आई, हे काय हो?" मी म्हटलं, "तुझ्या आजेसासऱ्यांचा तोरा." डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. पण मन काही ठिकाणावर येईना, म्हणून हे लिहिते आहे.

वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं. लग्न होऊन मी देवळीहून रोहण्याला आले तेव्हा घरात सासूबाई नव्हत्या. तुम्ही होतात, तुमचा एकुलता एक मुलगा होता आणि तुमची बारा बोअरची एकनळी बंदूक होती. रानडुकरं ज्वारी आणि भुईमूग उलथून टाकायची, म्हणून पिकाच्या राखणीसाठी तुम्हाला तिचा परवाना मिळाला होता. कागदी काडतूस एकदा उडवलं की कामातून गेलं, म्हणून तुम्ही पितळी वापरायचात. उडालेलं काडतूस घरी आणायचं, बुडातली, ठोक्यानं दारू पेटवणारी फुटकी टोपी काढायची, आतली काजळी धुवायची, मग नवी टोपी बसवून दारू आणि छर्रे भरायचे. भरायचं काम तुमचं. धुवायचं माझं, कारण तुमच्या लेखी पितळ म्हणजे भांडं आणि भांडं म्हणजे सुनेचं काम.

पण पितळ मला तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. माझे बाबा देवळीच्या बाजारात पितळेची भांडी विकायचे, पोचे काढायचे, फुटकी भांडी डाग लावून सांधून द्यायचे. मी त्यांच्या दुकानातच लहानाची मोठी झाले. तुम्ही माझ्यापुढे पहिली डझनभर काडतुसं ओतलीत तेव्हा मी घाई केली नाही. एक चिंचेच्या कोळात टाकलं. क्षणात लखलखलं, पण भाकरी थापून होईपर्यंत तसंच राहिलं तर त्यावर तांबूस डाग पडले. पितळ असं लालसर पडलं की ते कमजोर झालं, हे बाबांनी मला शिकवलं होतं. दुसरं राखेनं घासलं. त्यावर बारीक ओरखडे आले आणि राखेचे कण आत बुडाशी जाऊन बसले, ते काही केल्या निघेनात. तिसरं फोडलेल्या रिठ्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं, काडीला चिंधी बांधून आतून पुसलं, पुन्हा गरम पाण्यानं विसळलं आणि सुपात उलटं घालून उन्हात वाळवलं. काजळीचा कणही उरला नाही. फक्त बाहेरून ते काळपटच राहिलं. मी सगळी काडतुसं रिठ्यात टाकली. या घरात आल्यावर मी स्वतः ठरवून केलेलं ते पहिलं काम, मामाजी. मला स्वयंपाकात मीठ किती घालायचं हेसुद्धा तुम्ही सांगत होतात.

तुम्ही सूप पाहिलंत आणि एक काडतूस उचलून माझ्या तोंडासमोर धरलंत. "हे काय धुतलं? कोयसे?"

"आतून साफ हायेत, मामाजी. चमक नसली तं काई बिघडत नाई."

"मले शिकवून राह्यली का तू? आर्वीचे पाहुणे येतीन, पट्ट्यात हे काये ठिक्कर पाह्यतीन. इज्जत हाये का नाई माही?"

आणि चुलीवरून नुकतंच उतरवलेलं रिठ्याचं पातेलं तुम्ही पायानं लोटून दिलंत. माझ्या पावलावर पडलं ते पाणी. तुम्ही खाली पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या बाजाराला तुम्ही वर्ध्याहून एक बाटली आणलीत. शिपाई ज्यानं पट्ट्याचे बिल्ले चमकवतात ते पातळ औषध. मी बूच काढलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. पावसाळ्यात चार दिवस न झाडलेल्या गोठ्याला येतो तसाच वास, फक्त दहापट. मला बाबांचं दुकान आठवलं. एका गिऱ्हाइकाचा पितळी हंडा गोठ्यात ठेवून ठेवून कोणी हात न लावता तडकला होता, आणि तेव्हापासून पितळ गोठ्यात ठेवू नका असं बाबा प्रत्येकाला बजावायचे. जो वास हंडा फोडतो तो काडतूस का फोडणार नाही? हे मी तुमच्या मुलाला सांगितलं. ते म्हणाले, "बाबाच्या नादी नको लागू." त्या माणसानं जन्मभर मला एवढाच सल्ला दिला. मग मी काडतुसं त्याच औषधानं चमकवू लागले.

दिवाळीत बाबा मला न्यायला आले. ओसरीवर तुमचे आर्वीचे पाहुणे बसले आहेत, पट्ट्यातली काडतुसं सोन्यासारखी चमकताहेत, तुम्ही ती एकेक काढून दाखवताहात. बाबांनी एक हातात घेतलं, नाकाशी नेलं, नखानं कडेला चाचपलं. मी दाराआडून बघते आहे आणि मनात म्हणते आहे, बाबा, बोलू नका. पण ते व्याही म्हणून तुमच्याशी बोललेच. "इवाईबुवा, राग नका मानू. या औषधानं पितळ तडकते. पयले दिसत नाई, पण तडकते. पोरगी पयले रिठ्यानं धूत होती म्हणते, तेच बरं होतं."

तुम्ही हसलात. "भांडे इकणाऱ्याची अक्कल भांड्यापुरती ठेवा, इवाई. बंदुकीत नका भरू."

पाहुणेही हसले. बाबांनी काडतूस जागेवर ठेवलं, टोपी घातली आणि जेवायचं पान वाढलेलं असताना उठले. मला घेऊन निघाले. त्यानंतर ते तुमच्या घरात कधी आले नाहीत. भेटायचं असलं की आर्वीला यायचे, मी बाजाराचं निमित्त काढून जायची, आणि आम्ही बापलेक मोटर स्टँडवर उभ्या उभ्या बोलायचो. पुढे दोन वर्षांत ते गेले. तुम्ही तेराव्यालाही आला नाहीत.

त्या दिवाळीनंतरच्याच हिवाळ्यातली ती सकाळ. ज्वारीत डुकरं शिरल्याची वर्दी आली, माणसं आरडाओरडा करून त्यांना बाहेर काढायला, हाका करायला गेली. मी न्याहारी घेऊन वावरात आले तेव्हा तुम्ही बांधावर बसला होतात, गुडघा सुजला होता म्हणून. बंदूक तुम्ही आपल्या राखणदारापुढे धरली होती. तो गोंड माणूस बारा महिने वावरातल्या खोपटात राहायचा, आणि नेम त्याचा तुमच्याहून चांगला होता हे गावाला ठाऊक होतं. तो हात मागे घेत होता. "मालक, परवाना तुमच्या नावाचा हाये."

"मी बसलो हाओ ना इथं. घे म्हणतो तं."

त्यानं घेतली. डुक्कर ज्वारीतून बाहेर आलं, त्यानं चाप ओढला. तो आवाज नेहमीचा नव्हता. जाळ पुढे गेला तसा मागूनही आला. राखणदार ओरडला नाही, हळूच खाली बसला, दोन्ही तळवे तोंडावर. बोटांमधून रक्त आणि काळी दारू. मी टोपलं टाकून त्याच्याकडे धावले. आणि तुम्ही, मामाजी, तुम्ही सुजल्या पायानं उठून आधी बंदूक उचललीत, मधून उघडून आत पाहिलंत, फुटलेलं काडतूस काढून खिशात घातलंत. मग त्याच्याकडे वळलात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या फोटोला हार घालताना दर वर्षी मला तेच दिसतं.

बैलगाडीनं आर्वी आणि तिथून वर्ध्याचा दवाखाना. उजवा डोळा गेला. परवाना जाऊ नये म्हणून तुम्ही डॉक्टरांना सांगायला लावलंत, सोड्याची बाटली फुटली. घरात आणि गावात दुसरं खोटं. "सुनेनं काडतुसं चिचेत रातभर भिजू घातली, मंग काय होईन?" औषधाची ती बाटली तुम्ही त्याच दुपारी गोठ्यामागे पुरलीत. तुमच्या मुलाला ती माहीत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते जमिनीकडे बघत राहिले. विहिरीवर बायका मला काडतुसवाली म्हणू लागल्या. आणि तुम्ही पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा, मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी असताना ती हकिकत सांगत राहिलात. सांगून सांगून तुम्हालाही ती खरी वाटू लागली असेल.

राखणदार महिन्याभरानं परत आला. तुम्ही त्याची राखण काढून त्याला ढोरांमागे लावलंत. तो ताक प्यायला मागच्या दारी आला तेव्हा मला रडू आवरलं नाही. तो म्हणाला, "बाई, तुमी काऊन रडता? बंदूक थोडीच तुमी देल्ली माह्या हातात. एक डोया हाये ना अजून." मी त्याला तेव्हा बाटलीचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, ताक संपवलं आणि तो म्हणाला, "मले ठाऊक हाये. मालकाच्या काडतुसाले वास येत होता."

त्याला मी सगळं सांगितलं असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलं इथं लिहून ठेवते. त्या सकाळच्या थोडं आधी, काडतुसं भरायला तुमच्याकडे देण्यापूर्वी मी ती पुसत होते, तेव्हा एकाच्या बुडाजवळ माझं नख अडकलं. केसाएवढी चीर होती. मी ते बाजूला काढलं, थोडा वेळ हातात धरलं आणि पुन्हा बाकीच्यांत ठेवलं. भरताना मामाजी बघतीलच, असं मी स्वतःला समजावलं. तुम्ही चमक तेवढी पाहिलीत. पण तुम्ही बघणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्या घरात बंदूक नेहमी तुमच्याच खांद्याला असायची हेही माहीत होतं. तुमच्यावरच्या रागातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण ते काडतूस मी ठेवलं होतं.