मनकर्णाच्या रक्ताचा नमुना

तीर्थरूप लंकाआक्का यांस, कोल्हारहून अमृतचा वाकून दंडवत. तुमचा गुडघा आता खाचराचा बांध चढू देतो का, ते आधी कळवा. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आक्का, मी फोनवर कुजबुजलो तरी तीन शेतांपलीकडे ऐकू जातं. (तुमची बहीण मनकर्णा म्हणते, मला फोनची गरजच नाही.)

गेल्या वर्षी मनकर्णाच्या आतड्यातली गाठ काढली, केमो झाले. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी नगरला तिचं रक्त घेऊन तपासणीला लांब पाठवतात. कॅन्सर कुठे दडून राहिला असेल, तर त्याच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात म्हणे, कधीकधी स्कॅनमध्ये काही दिसायच्याही आधी. ('म्हणे' आपलं सवयीने, आता मला हे डॉक्टरांइतकंच येतं.) पहिल्या रिपोर्टात काहीच सापडलं नाही, तेव्हा मी तो लॅमिनेट करून दूध डेअरीत फिरवला. असं स्वच्छ रक्त तालुक्यात दुसरं दाखवा, असं उघड बोललो. कोणी पुढे आलं नाही.

या खेपेला मात्र माझं सिस्टरशी वाजलं. गावातल्या निम्म्या शेतांचे मातीचे नमुने मी घेतलेले. बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको. नागमोडी चालत आठ ठिकाणची घेऊन एकत्र कालवायची, तेव्हा कुठे तो नमुना होतो. आणि ही एंजेला सिस्टर एकाच कोपरातून रक्त काढून मोकळी! निदान दुसरा हात आणि दोन्ही पाय तरी घ्या म्हणून मी अडून बसलो. रांग दारापर्यंत गेली, शेवटी डॉक्टरच बाहेर आले. म्हणाले, रक्त सगळ्या अंगातून फिरूनच आलेलं असतं, वेगळं कालवायला नको. पण तुकडे सापडले तरी ते कुठून आले हे रक्त सांगत नाही, म्हणून जोडीला स्कॅन. मला पटलं. (पटलं नसतं तर अजून तिथेच असतो.) तेवढ्यात तुमची बहीण कोपरावर कापूस दाबत म्हणाली, "आता गप बसा, न्हाईतर तुमचंच रगत आठ ठिकानाहून काढाया लावते!" अख्खी रांग हसली. एवढ्या दुखण्यातून उठलेली बाई असं बोलते, याचा मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! ही माझी बायको, असं मी रांगेतल्या तिघांना सांगितलं. (त्यांना ते कळलेलंच होतं.) त्याच दिवशी स्कॅनही झाला. बाकी इकडे खुशाल.

तुमचा,
अमृत

ता. क. : आक्का, रिपोर्ट आले. स्कॅन स्वच्छ आहे, पण रक्तात या वेळी थोडे तुकडे सापडलेत. सोमवारी दोघं या, पुन्हा तपासून पुढचं ठरवू, असं डॉक्टर म्हणतात. मी तिला 'दोन्ही स्वच्छ' असं छाती काढून सांगून बसलोय. तुम्ही रविवारी या आणि तिला खरं सांगा. मला ते जमणार नाही.

आणखी ता. क. : आक्का, मी मनकर्णा. पाकीट डकवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. दवाखान्यात नंबर माझा दिलाय, रिपोर्ट आधी माझ्या मोबाईलवर आला. चार दिवस हे मला हसून दाखवतायत आणि मी ह्यांना. भीती वाटते गं, पण सोमवारी मी जाणार आहे. तू रविवारी नक्की ये. मला काही सांगायला नको. मला सगळं माहीत आहे, एवढं फक्त ह्यांना सांग. तेवढं माझ्याच्याने होत नाही.