बंद केलेला भोंगा

शुक्रवार, दुपार

प्रिय यागोदा,

परवा फोनवर तुला ‘सर्दीनं आवाज बसलाय’ म्हणाले, ते खोटं होतं. घसा अजून जळतोय, पण सर्दी नाही. मंगळवारी आपल्या गावच्या सार्वजनिक स्नानगृहाच्या तळघरात ओझोन वायू गळला, आणि मिलुतिनकाका इस्पितळात आहे. सगळं क्रमानं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही.

तुला आठवतं का, नऊ वर्षांची होतीस तेव्हा तिथल्या पोहण्याच्या तलावातून आलीस की डोळे लालभडक व्हायचे, रात्रभर खोकायचीस. डॉक्टरांनी क्लोरीनचं पाणी बंद करायला सांगितलं, आणि तू उशीत तोंड खुपसून रडलीस. ज्या पाण्यावर माझी नोकरी, त्यात माझीच पोर उतरू शकत नव्हती. मग दोन वर्षं मी व्यवस्थापक राडोवानच्या डोक्याशी कटकट केली, तेव्हा कुठे ओझोनचं यंत्र आलं. हवेतल्या प्राणवायूवर वीज खेळवायची, होणारा वायू बंद टाकीत पाण्यात मिसळायचा, उरलेला कोळशातून मारून टाकायचा. क्लोरीन उरलं चिमूटभर. तळघरात माझ्या जोडीला काम करणारा मिलुतिन तेव्हा म्हणाला होता, “देसा, पाण्याला शॉक द्यायला निघालीस की काय? म्हाताऱ्यांचे केस उभे राहतील!” त्या उन्हाळ्यात तू डोळे उघडे ठेवून पोहलीस. गेली चौदा वर्षं मला त्या यंत्राचा अभिमान होता.

वायू हवेत सुटला की भोंगा वाजून यंत्र आपोआप बंद पडावं, म्हणून भिंतीवर एक डबी आहे. एप्रिलपासून ती उगाचच कोकलायला लागली. वर खुर्च्यांवर पहुडलेले पाहुणे दचकून उठायचे. राडोवान जिन्यातून ओरडायचा, “अहो देसांकाबाई, लोक इथं हाडं शेकायला येतात, हवाई हल्ला ऐकायला नाही!” नवी डबी मागवली होती, ती यायची होती. तेवढ्यापुरतं म्हणून ती जुनी डबी यंत्रापासून तोडली गेली.

मंगळवारी सकाळी मी कॉफी घेऊन खाली निघाले. अर्ध्या जिन्यातच तो वास आला, जवळ कुठे वीज कोसळल्यावर येतो तसा. थोडा नेहमीच असतो, पण हा नाकात सुईसारखा शिरला. मिलुतिनला हाक मारली. उत्तर नाही. यागोदा, इतकी मी कधीच घाबरले नव्हते. पाय मागे वळत होते, खरंच सांगते. जिन्यावरचा विजेचा मोठा खटका पाडला, छातीभर श्वास घेतला आणि खाली धावले. तो टाकीपाशी गुडघ्यावर बसून खोकत होता. बगलेत हात घालून त्याला ओढत वर आणलं, आणि शेवटच्या तीन पायऱ्यांवर माझा श्वास सुटला.

बाहेर बाकावर बसल्यावर तो हसलासुद्धा! “काही नाही गं, तुझं अत्तर जरा जास्त झालं.” मी रुग्णवाहिका बोलवू म्हटलं, तर म्हणाला, “बायकोला कळलं तर तीच मारेल मला.” मी ऐकलं त्याचं. दुपारी चार वाजता त्याचे ओठ निळे पडले, तेव्हा कुठे इस्पितळात नेलं. हा वायू छातीत शिरला की तासातासानं पाणी भरत जातं, हे इस्पितळातल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं. चौदा वर्षं त्या यंत्रावर काढलेल्या मला! जगेल म्हणतात. पण घशात नळी आहे, बोलता येत नाही. कालच्या भेटीत त्यानं माझा हात धरून ठेवला होता, आणि मला तो सोडवून पळावंसं वाटत होतं.

काल संध्याकाळीच राडोवाननं घरी बोलावलं. पुढ्यात राकियाची दारू ओतली, नि टाइप केलेला एक कागद सरकवला. वायूनं नळीचं रबर खाल्लं म्हणून गळती झाली असं त्यात होतं, ते खरंच. पण खाली लिहिलं होतं की डबीची तार मिलुतिननं कोणाला न विचारता तोडली. “त्याला निवृत्तीला सहा महिने आहेत, त्याचं काय बिघडतंय? तुम्हाला अजून सात वर्षं काढायचीत, बाई. आणि स्नानगृह बंद पडलं तर गावानं खायचं काय?” मी पेन उचललं होतं. सही केली नाही. पण ‘नाही’ही म्हणाले नाही. “उद्या सांगते” म्हणाले. रस्ताभर मला त्या ‘उद्या’ची भीती वाटत राहिली, तळघरापेक्षा जास्त.

तार मी तोडली, यागोदा. या हातांनी. मिलुतिन तेव्हा म्हणालाही होता, “नको देसा, जोडून ठेव, कोकलू दे मेलीला.” ते पाहणारा त्याच्याशिवाय दुसरा कोणी नव्हता, आणि तो बोलू शकत नाही. सुरक्षा तपासनीस दोन वाजता माझा जबाब घेणार आहेत. त्यांच्या कचेरीसमोरच्या बाकावर बसून हे लिहितेय, अक्षर बघून कळलंच असेल. माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. आत गेले, राडोवान शेजारी बसला, की जीभ खोट्याकडे वळेल असं वाटतं. म्हणून आधी हे पत्र टपालपेटीत टाकते. एकदा ते आत पडलं की तुला खरं कळणारच, मग मला दुसरं काही सांगता येणार नाही. दोनला दहा मिनिटं आहेत.

तुझीच,
आई