काळ्या वायरीचा कीबोर्ड

दाराला कुलूप बाहेरून आहे आणि किल्ली माझ्या मुलाच्या खिशात. हे आधी लिहिते, नमस्कार-चमत्कार मागून.

मी, या घराची मालकीण, शरीराने थकलेली पण डोकं ठिकाणावर असलेली, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते. ते करायला कुणाचा दबाव नाही. दबाव आहे तो घर मुलाच्या नावावर करून द्यायचा. त्याला मी भीक घातली नाही, म्हणून तर कुलूप.

१. घर. छापखान्यात जन्मभर टायपिंग करून मी घेतलेलं. ते सूनबाईला. मुलाला त्यात ठेवायचं की नाही, ते तिने ठरवावं.

२. काचेचा फोन मुलाला परत. "फोन दिलाय की तिला, कोंडलंय कुठे?" असं तो लोकांना सांगतो. माझी बोटं वाळून लाकूड झाली, काचेला ती कळतच नाहीत. त्या फोनच्या लेखी मी आधीच गेलेली आहे.

३. कीबोर्ड. मुलाचा कंप्युटर माझ्याच खोलीत आहे, पण बाहेर जाताना त्याचा कीबोर्ड तो बॅगेत घालून नेतो. माझा छापखान्यातला जुना कीबोर्ड पलंगाखाली होता, तो त्याने हसून राहू दिला. जाड गोल पिन, नव्या मशीनला कुठे बसणार? स्वतःच्या बायकोचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, हे साहेब विसरले. तिने मधला जोड बनवला, काडेपेटीएवढा, आणि गॅलरीतल्या खिडकीच्या गजांतून आत दिला. पिन कापून चार वायरी चार स्क्रूंखाली मी आवळायच्या.

"आई, आधी लाल कुठली ते सांगा."

"सगळ्या काळ्याच आहेत."

"असं कसं?"

"उंदराने कुरतडली होती, मग मी दिव्याची वायर जोडली. काम टाकून रंग जुळवत बसू होय?"

"धन्य आहात."

मग तिने वायर तपासायचा मीटर आत सरकवला. मी चमच्याने कीबोर्ड उघडला, तर आत जुनी रंगीत टोकं शाबूत होती. मीटरचं एक टोक रंगाला, एक काळ्याला. पीं वाजलं की ती जोडी. शेवटी कीबोर्डाचे दिवे लागले. बाहेरून ही म्हणते, "हळू बडवा, खालपर्यंत आवाज जातो." लग्न होऊन आल्यापासून तिचं काही ऐकलं नव्हतं, एवढं ऐकलं.

हा कीबोर्ड जोडासकट तिलाच. तिच्या हातचं जेवण मला कधी आवडलं नाही, त्याचा इथे संबंध नाही.

४. मनगटी घड्याळ नातीला. आजीला भ्रम झालाय असं बापाने तिला सांगितलंय. तिने हा कागद वाचून स्वतः ठरवावं.

५. कुलूप आणि किल्ली, दोन्ही मुलाला.

हा कागद मी इथून मेलने पाठवते; सूनबाईच्या दुकानात छापून तो डॉक्टरांच्या बॅगेतून आत येईल. घर तिला मिळणार, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही. तेवढं मला कळतं.

लिहून देणार: घरमालकीण (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
रक्तदाब मोजायला येणारे डॉक्टर (सही)
त्यांच्याबरोबरच्या नर्सबाई (सही)

ठिकाण: मागची खोली
तारीख: डॉक्टरांनी घालावी. ते कोणत्या वारी येतील, इथे मला कळत नाही.

ता. क., हाताने: डॉक्टर विचारतात, पोलिसांना सांगू का. म्हटलं, आधी सह्या. पुढे कुणीही विचारलं की म्हातारीला का कोंडलं, तर सूनबाईने तोंड उघडायचं नाही. उत्तर मुलाने द्यायचं, याच खोलीत उभं राहून, दार बाहेरून लावल्यावर.