काचेतली बंदूक आणि माझा धाकटा

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. मनाचं आहे, पण त्याला कायद्यात कलम नाही म्हणतात.

१. राहतं घर, दोन खोल्या, माझ्या धाकट्या भावाला द्यावं. वडील त्याला लाडाने ठोंब्या म्हणत. तो नको म्हणेल. तरी द्यावं.

२. शिवणाचं मशीन व कात्र्या माझ्याकडे शिकलेल्या शेजारणीला. मोठ्या कात्रीने कागद कापलास तर भूत होऊन येईन, बरं का!

३. चुलतभावाला काही नाही. वडिलांच्या आजारपणात भेटायला आला आणि आणलेली द्राक्षं स्वतःच खाऊन गेला.

४. पणजोबांनी फौजेतून आणलेली ठासणीची बंदूक. वडील जाताना म्हणाले होते, "मशीन थोरलीचं, बंदूक ठोंब्याची." तोच दर रविवारी नळी पुसायचा, दस्त्याला तेल लावायचा. तो कामासाठी परगावी असताना संग्रहालयाचे साहेब आले. "ताई, असा ठेवा घरात गंजवू नका." मी हुरळले आणि देऊन टाकली. गंजत कुठे होती हो? मला पितळी पाटीवर माझं नाव हवं होतं.

तो परतला, पण भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. चांगली नोकरी सोडून तिथेच पहारेकरी झाला. जुन्या फौजी बंदुकांच्या रांगेसमोर स्टुलावर बसून दिवसभर माझी पाटी बघतो. पहारेकऱ्याला कपाट उघडता येत नाही. गेल्या वर्षी तिकीट काढून गेले. म्हटलं, "ठोंब्या, चुकले रे." तो म्हणाला, "बाई, काचेपासून लांब उभ्या राहा." मी सख्खी बहीण, आणि मला 'बाई'! माझीच लायकी ती.

५. बंदूक परत मिळत नाही; दानपत्र पक्कं आहे. म्हणून माझी बँकेतली ठेव माझ्या पश्चात संग्रहालयाला द्यावी. अट अशी, की पाटीवरून माझं नाव काढावं आणि तो आहे तोवर तेल त्याच्याच हातून लागावं. साहेबांना अट मान्य आहे.

६. कलम पाच रद्द. लिहिता लिहिता लाज वाटली. आपल्याच बंदुकीला हात लावायला त्याने माझ्या मरणाची वाट का बघायची? ठेव उद्याच मोडते.

साक्षीदार: कोपऱ्यावरचा औषधविक्रेता (सही)
वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)

लिहून देणार: थोरली (सही)
स्थळ: शिवणाची खोली
दिनांक: आज सोमवार, संग्रहालय बंद. उद्या उघडतं.