चौदाव्या मजल्यावरचा आयुष

प्रिय शुभा,

शनिवारी ओझरला दिनेशकडे गेलो होतो. जावई तुझ्या लेखी माजी झाला तरी मला अजून चहा बरा करून देतो. आयुषही होता.

पंचवटीच्या मार्केटात हमालाचा आडत्या झालो तो कानांच्या जोरावर. समोरचा 'परवडत नाही' म्हणाला, की खरंच नाही की नुसता ताणतोय, हे मला आवाजावरून कळतं. म्हणून तुझं पोर मुकं होत चाललंय हे तुझ्याआधी मला ऐकू आलं. गंगापूर रोडला चौदावा मजला, खिडकीतून नदी, सगळं झकास. पण खाली खेळायचं तर मोबाइलवर वेळ घ्यायची, मित्राच्या इमारतीत जायचं तर वॉचमनला नाव सांगायचं. आयुष मित्राचं नाव 'समर्थ' म्हणताना 'स'वरच अडकला. वॉचमन म्हणाला, "जोरात बोल ना, मागे लोक थांबलेत." पोर वर आलं ते पुन्हा खाली गेलंच नाही. तू मला म्हणालीस, "अण्णा, तो शांत स्वभावाचा आहे." शहरं आखणारी बाई तू, तूच म्हणतेस तर असेल.

ओझरला बैठी घरं, मधे धुळीचं मैदान, सगळ्यांची दारं त्यावर. दिनेशच्या घरी विरजण कधी उरत नाही, म्हणून आयुष वाटी घेऊन समोरच्या शकुबाईंकडे जातो. त्या त्याचा शब्द स्वतः पुरा करत नाहीत. "बोल रे राजा, मी म्हातारी कुठे पळतेय?" म्हणून उंबऱ्यावर बसतात. शनिवारी हा मैदानातूनच ओरडला, "शकुआजी, विरजण द्या, कालचं लय आंबट होतं!" आतून उत्तर आलं, "आंबट तुझं तोंड!" हसला गं तो. खदाखदा.

थोड्या वेळाने तुझा फोन आला. "असल्या वस्तीत माझं मूल वाढणार नाही," असं तू दिनेशला सुनावलंस. स्पीकर चालू होता. आयुष जेवत होता. त्याने घास परत ताटात ठेवला. "कोण होतं?" या माझ्या प्रश्नाला 'आई'तला 'आ' म्हणायलाही त्याला किती वेळ लागला, ते तुला ऐकवायला हवं होतं.

तर पत्राचं कारण. आयुषचा ताबा दिनेशला मिळावा म्हणून सोमवारी कोर्टात मी त्याच्या बाजूने साक्ष देणार आहे. तुझा वकील विचारेलच, भाजीच्या आडत्याला मुलांच्या मनातलं काय कळतं? मग मी वस्त्या कशा असाव्यात यावरचं तुझं गेल्या महिन्यातलं भाषण म्हणून दाखवीन. मुलाला औषधाआधी शेजार लागतो, दार उघडलं की माणूस दिसला पाहिजे, सगळं. मागच्या रांगेत बसून ऐकलं, पाठ केलं. टाळ्या कुठे पडल्या तेही सांगेन. फार छान बोललीस, पोरी. कोर्ट सुटल्यावर घरीच जेवायला ये, भरीत करायला सांगितलंय. वकिलालाही आण.

अजूनही तुझाच,
अण्णा